दीड सेकंदाच्या अलीकडे

टेक्सासमध्ये राहायला आल्यापासून ओळखीतले लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात, "ताई, घरात ठेवायला पिस्तूल कुठलं घ्यावं?" मी कोल्हापुरात नेमबाजी करायचे, 25 मीटर पिस्तूल, हे एकाला कळलं की चौघांना कळतं. मग गणपतीची आरती झाल्यावर किंवा कुणाच्या मुलाच्या वाढदिवसाला कोणीतरी हळूच बाजूला घेतं. पलीकडच्या वस्तीत घरफोडी झालेली असते, नाहीतर कुणा देशी माणसाच्या दुकानावर दरोडा पडल्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरत असतो. भीती खरी असते आणि मी ती कधी उडवून लावत नाही.

पण कंपनी आणि कॅलिबर यांवर यायच्या आधी मी त्यांनाच विचारते, काल संध्याकाळी दुकानातून गाडीपर्यंत चालत आलात तेव्हा शेजारच्या गाडीत कोणी बसलं होतं का? बहुतेकांना आठवत नाही. एका हातात पिशव्या असतात, दुसऱ्या हातात फोन. ज्याला शेजारची गाडी दिसली नाही त्याच्या कमरेला जगातलं सगळ्यात चांगलं पिस्तूल असलं तरी त्याचा उपयोग काय, हे मला त्यांच्याशी बोलायचं असतं.

जे एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर आहेत त्यांना मी आधी वकिलाकडे पाठवते. टेक्सासमध्ये 2021 पासून परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येतं, एवढं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मात्र अमेरिकेचा केंद्रीय कायदा अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मुळातच मनाई करतो, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर. हे आपल्या लोकांत फार थोड्यांना ठाऊक आहे.

25 मीटर पिस्तूलच्या रॅपिड फेरीत हात 45 अंशांत खाली धरून उभं राहायचं असतं. लाल दिवा 7 सेकंद, मग हिरवा 3 सेकंद. त्या तिनात हात वर आणायचा, नेम धरायचा, एक गोळी झाडायची आणि हात परत खाली. असं पाच वेळा झालं की एक सिरीज. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर दिवसभर दुसरा विषय नव्हता. बाहेरून बघणाऱ्याला ती फेरी घाईची वाटते. लाइनवर उभं राहणाऱ्याला कळतं की तीन सेकंद पुष्कळ असतात. दिवा दिसल्यापासून हात हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो आणि पुढचा सगळा वेळ आपला असतो.

तो पहिला पाव सेकंद मात्र कुणालाच टळलेला नाही. प्रकाश डोळ्यात शिरायचा, मेंदूनं तो ओळखायचा, तिथून स्नायूंना निरोप जायचा, याला वेळ लागतोच. 1850 च्या सुमारास हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून या निरोपाचा वेग मोजला. तोवर तो मोजताच येणार नाही असं भलेभले म्हणत होते. धावण्याच्या शर्यतीत आवाज झाल्यापासून 0.1 सेकंदाच्या आत कोणी सुटला तर आजही त्याला बाद धरतात, कारण ऐकून इतक्या लवकर हलणं माणसाला शक्य नाही असं गृहीत धरलेलं आहे. सरावानं हाताचा प्रवास आखूड होतो, हिसके कमी होतात. ही सुरुवातीची फट फारशी बुजत नाही.

शिवाय रेंजवर दिवा एकच आणि त्याचं उत्तरही एकच. डोंडर्स नावाच्या डच शास्त्रज्ञानं 1868 मध्येच दाखवून दिलं होतं की ठरलेल्या एका खुणेला ठरलेलं उत्तर द्यायला जितका वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ अनेक खुणांमधली नेमकी कुठली ते ओळखून उत्तर द्यायला लागतो. पर्याय वाढतील तसा हा वेळ कसा वाढतो याचं गणित 1952 मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी मांडलं. रात्रीच्या पार्किंगमध्ये हिरवा दिवा कोण लावणार? समोरच्याच्या हातात फोन आहे की चाकू, तो माझ्याकडे येतोय की माझ्या मागच्या गाडीकडे, पोर कुठल्या बाजूला आहे, ओरडायचं की पळायचं, असे सगळे प्रश्न एकदम अंगावर येतात आणि त्यांतला एकही सुटल्याशिवाय हात हलत नाही. हललाच तर आंधळेपणानं हलतो.

इथे मी परवान्याचा वर्ग केला. टेक्सासची नेमबाजीची चाचणी 50 गोळ्यांची असते, 3 यार्डांवरून 20, 7 वरून 20 आणि 15 वरून 10. 250 पैकी 175 गुण पडले की झालं. माझ्यासोबत अनेकजण आयुष्यात पहिल्यांदा पिस्तूल हातात धरून आले होते आणि तेही सहज पास झाले. मला त्याची काळजी वाटली. ही चाचणी पिस्तूल हातात घेऊन सुरू होते, होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या पिस्तुलाच्या म्यानातून, ते काढावं लागत नाही. कागदाचं टार्गेट जागेवरून हलत नाही. त्या कागदावरचे गुण बघून आपण आता सुरक्षित आहोत असं वाटणं हा फार वाईट दिलासा आहे.

म्हणून पुढे एका निवृत्त पोलिसाकडे स्वसंरक्षणाचा वर्ग लावला. त्यातला एक सराव मी आल्यागेल्याला सांगत असते. शर्टाखाली कमरेला होल्स्टर, त्यात निळं प्लास्टिकचं खोटं पिस्तूल. समोर 21 फुटांवर वर्गातलाच दुसरा विद्यार्थी, त्याच्या हातात चाकूऐवजी टोपण काढलेला जाड मार्कर. शिट्टी नाही, इशारा नाही. त्याला वाटेल तेव्हा तो धावत सुटणार. माझ्यासमोर आलेले गृहस्थ पन्नाशीचे, अंगानं भरलेले, एका गुडघ्याला पट्टा बांधलेला. ते सुटले तेव्हा मला आधी दिसला त्यांचा खांदा, तो किंचित खाली गेला. मी डाव्या मुठीत शर्टाचा घोळ धरून बरगडीपर्यंत ओढला, उजवा हात पिस्तुलाच्या मुठीवर गेला, आणि घोळाची एक चुणी अंगठा आणि मूठ यांच्यामध्ये सापडली. ती सोडवून पिस्तूल वर येतंय तोवर माझ्या दंडावरून खांद्यापर्यंत मार्करची काळी रेघ ओढून झाली होती. वर्ग संपला तेव्हा जवळजवळ सगळ्यांच्या शर्टांवर अशा रेघा होत्या. नेम चांगला असलेल्यांच्याही आणि दररोज सराव करणाऱ्यांच्याही.

हे गणित सॉल्ट लेक सिटीच्या पोलिस दलातले प्रशिक्षक डेनिस टूलर यांचं आहे. चाकू घेऊन कोणी धावून येत असेल तर तो किती अंतरावर असताना धोका सुरू होतो, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी घड्याळ लावून माणसं पळवली. धडधाकट माणूस 21 फूट साधारण दीड सेकंदात कापतो आणि होल्स्टरमधून पिस्तूल काढून दोन गोळ्या नेमक्या ठिकाणी मारायला शिकलेल्या पोलिसालाही तेवढाच वेळ लागतो, असं त्यांना दिसलं. 1983 मध्ये त्यांनी ते लेखात मांडलं. पुढे त्याचा "21 फुटांचा नियम" झाला आणि बंदुकीवाल्यांच्या गप्पांत त्याला एक भलताच अर्थ चिकटला, की चाकूवाला 21 फुटांच्या आत आला म्हणजे गोळी घालायची मोकळीक. टूलर यांच्या आकड्यांत अशी मोकळीक कुठेही नाही. त्यांतून इतकंच निघतं की एवढ्या अंतरावर तुम्ही आधीच उशिरा जागे झालेले आहात. त्यात गोळी लागली की माणूस सिनेमातल्यासारखा मागे फेकला जात नाही. वर्मी लागली तरी तो आणखी काही सेकंद हातपाय चालवू शकतो.

त्या सरावाची दुसरी फेरी मला जास्त मोलाची वाटते. आमच्या दोघांमध्ये एक घडीचं टेबल आणून ठेवलं. त्याच गृहस्थांनी तसंच धावत यायचं. या वेळी त्यांना टेबलाला वळसा घालावा लागला आणि मी उलट्या बाजूला सरकत राहिले. हात पहिल्याइतकेच सावकाश चालत होते, शर्ट तोच, तरी मार्कर माझ्यापर्यंत पोचला नाही. तिसऱ्या फेरीत प्रशिक्षकानं सांगितलं की त्यांचा खांदा हलायची वाट बघू नका. माणूस खटकला की तळवा पुढे करून, पोटातून आवाज काढून, "तिथेच थांबा" म्हणा. सराव असूनही ते गृहस्थ क्षणभर थबकले. समोरच्यालाही आता काहीतरी ओळखून ठरवावं लागत होतं, म्हणजे डोंडर्सचा हिशेब त्यांच्याही मानगुटीवर बसला होता. हल्ला करणारा आपल्या मनातलं वेळापत्रक घेऊन येतो आणि आपण त्याच्या मागून निघतो, म्हणून तो पुढे असतो. त्याला विचार करायला लावलं की ते वेळापत्रक विस्कटतं.

हे आपल्याला परकं नाही. कोल्हापुरात मर्दानी खेळ शिकायला गेलेलं पोर आधी पवित्रे शिकतं. पाय कसे पडतात ते बसल्यावर लाठी फिरते. आणि प्रतापगड तर आपण सगळे पाळण्यापासून ऐकत आलोय. लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं 2024 मध्ये साताऱ्यात आली तेव्हा जिकडेतिकडे त्यांचीच चर्चा होती, ती साहजिकच होती. मला मात्र 10 नोव्हेंबर 1659 च्या त्या भेटीत वाघनखांच्या आधीच्या गोष्टी मोठ्या वाटतात. भेटीची जागा महाराजांनी ठरवलेली, गडाच्या पायथ्याशी, आपल्या मुलखात. अंगरख्याखाली चिलखत, मंदिलाखाली जिरेटोप. शामियान्याजवळ आल्यावर खानाच्या शेजारी सैयद बंडा उभा आहे हे पाहून महाराजांनी त्याला आधी दूर करायला लावलं, असं बखर सांगते. मिठीतून वार झाला तेव्हा तो चिलखतावर गेला. खानाचा हात महाराजांच्या हाताच्या आधीच चालला होता, आणि तरीही महाराज वाचले ते या आधीच्या तजविजीमुळे. पुढे "होता जिवा म्हणून वाचला शिवा" हेही आलंच. तो जिवाही योग्य जागी उभा केलेला होता.

आता सावध राहणं म्हणजे काय, यावर लोक लगेच टोकाला जातात. अमेरिकेतल्या पिस्तूल-शिक्षणात जेफ कूपर यांचे रंग प्रसिद्ध आहेत. ते अमेरिकेच्या मरीन दलातले माजी अधिकारी, 1976 मध्ये त्यांनी ॲरिझोनात स्वतःची शाळा काढली. पांढरा म्हणजे बेसावध, पिवळा म्हणजे निवांत पण जागा, नारिंगी म्हणजे एका ठरावीक माणसावर किंवा गोष्टीवर लक्ष गेलेलं, लाल म्हणजे लढायची मनाची तयारी झालेली. माझ्या ओळखीतले नवे पिस्तूलवाले घराबाहेर पडले की सतत नारिंगीत असतात. उपाहारगृहात पाठ भिंतीला लावून बसायचं, बायको बोलतेय आणि यांची नजर दारावर. हे टिकत नाही आणि टिकवूही नये. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी दुसऱ्या महायुद्धात रडारसमोर बसणाऱ्या ब्रिटिश सैनिकांच्या निमित्तानं हाच प्रश्न अभ्यासला. घड्याळासारख्या काट्याकडे बघत बसायचं आणि तो मधूनच दुप्पट उडी मारेल ती टिपायची, असं काम त्यांनी लोकांना दिलं. पहिल्या अर्ध्या तासातच नजरेतून सुटणाऱ्या उड्या वाढायला लागल्या. डोळ्यांत तेल घालून चोवीस तास कोणी राहू शकत नाही. तसं राहतो म्हणणाऱ्याची नजर सगळीकडे असते आणि त्याला दिसत काहीच नाही.

मी स्वतः जागा बदलताना मान वर करते. दारातून बाहेर पडताना, गाडीत बसताना आणि उतरताना, एटीएमशी, पेट्रोल भरताना, लिफ्टचं दार उघडताना. दोन उंबऱ्यांच्या मधे मी खुशाल गाणी ऐकते. उंबऱ्यावर फोन खाली, आणि तीन गोष्टी बघायच्या: इथे कोण आहे, त्यातलं काय इथे बसत नाहीये, आणि मला जायला वाट कुठे आहे. मिका एंडस्ली या अमेरिकी संशोधक बाईंनी 1995 मध्ये वैमानिकांच्या संदर्भातून परिस्थितीच्या भानाची जी मांडणी केली तीही तीन पायऱ्यांची आहे, आधी दिसणं, मग त्याचा अर्थ लागणं, मग पुढे काय होणार याचा अंदाज येणं. मी ती वाचली तेव्हा मला आठवले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरचे उद्घोषक विष्णू झेंडे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री त्यांनी स्फोटाचा आवाज ऐकला, केबिनमधून बंदुका घेतलेली माणसं पाहिली, ती कुठल्या बाजूनं येतायत हे ताडलं आणि माइकवरून प्रवाशांना फलाट क्रमांक 1 च्या मागच्या बाजूनं बाहेर पडायला सांगत राहिले. केबिनच्या दिशेनंही गोळ्या आल्या. त्यांच्याकडे शस्त्र नव्हतं. त्यांच्याकडे उंचावरची खिडकी होती, माइक होता, आणि स्टेशनाच्या वाटा तोंडपाठ होत्या. त्या रात्री किती माणसं त्या आवाजामुळे घरी गेली असतील याचा विचार केला की माझे हात आपोआप जोडले जातात.

याच्या उलट एक प्रसंग आहे, जो मी पिस्तूल विकत घेणाऱ्या प्रत्येकाला सांगते, त्याला आवडो न आवडो. 17 ऑक्टोबर 1992, लुईझियानातलं बॅटन रूज. योशिहिरो हातोरी हा 16 वर्षांचा जपानी मुलगा एका कुटुंबात राहून तिथे शिकत होता. हॅलोवीनच्या पार्टीला जाताना तो आणि त्या घरचा मुलगा चुकून दुसऱ्याच घरी गेले. घरातल्या बाईनं बाजूचं दार उघडलं, या दोघांना पाहून घाबरली, दार लावून घेतलं आणि नवऱ्याला बंदूक आणायला सांगितलं. नवऱ्यानं आतून मोठं रिव्हॉल्व्हर आणलं आणि दार पुन्हा उघडलं. तो थांब म्हणून ओरडला. पार्टीला आलेलं पोर हसतमुखानं बोलत पुढे येत राहिलं. एक गोळी छातीत लागली. मुलगा वाचला नाही. 1993 मध्ये ज्युरीनं त्या माणसाला निर्दोष सोडलं. पुढे दिवाणी दाव्यात त्याला साडेसहा लाख डॉलरची भरपाई द्यायला सांगितली गेली.

मी या प्रसंगाकडे बघते तेव्हा माझी नजर त्या लागलेल्या दारावर जाते. दार बंद होतं, फोन हाताशी होता, कोणी ते तोडत नव्हतं. त्या कुटुंबाकडे दीड सेकंद नव्हता, कितीतरी मिनिटं होती. हातात बंदूक आल्यावर त्यानं दार उघडलं आणि सगळा वेळ काही पावलांच्या अंतरावर आणून ठेवला. तिथे मग मुलाच्या हातात काय आहे, तो का हसतोय, हे कुणालाही उमगायला वेळ उरत नाही. आपण इथे परके दिसणारे लोक आहोत. आपली पोरंही चुकीच्या पत्त्यावर बेल वाजवतात. म्हणून बंदुकीच्या या बाजूला उभं राहायचं ठरवणाऱ्या मराठी माणसानं तरी हातोरीला विसरता कामा नये असं मला फार वाटतं.

टेक्सासच्या कायद्यात 2007 पासून माघार घ्यायची सक्ती नाही. तुम्हाला जिथे असायचा हक्क आहे तिथे तुम्ही उभे राहू शकता. पण सक्ती नाही म्हणजे माघार घ्यायची बंदी आहे असं थोडंच आहे? भारतात स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 कलमांत आहे. 1 जुलै 2024 पूर्वी तो दंडसंहितेच्या 96 ते 106 मध्ये होता. धोक्याची रास्त भीती वाटताच तो सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच राहतो. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. जिवावर बेतलेल्या माणसानं घाव तोलून-मापून घालावा अशी अपेक्षा न्यायालयंही ठेवत नाहीत. तरी वेळ होता का, हा प्रश्न मात्र विचारला जातोच.

गेल्या वर्षी माझ्या भाच्यानं मित्राबरोबर डॅलसबाहेरचं एक गॅस स्टेशन चालवायला घेतलं. त्याचं ग्रीन कार्ड झालेलं आहे. "मावशी, काउंटरखाली ठेवायला काय घेऊ?" हा फोन येणार हे मला ठाऊकच होतं. मी म्हटलं, येऊन बघते. रात्री नऊला त्याच्या काउंटरमागे उभी राहिले तर पुढच्या काचेवर बिअरचे, लॉटरीचे, सिगारेटचे पोस्टर. पंपांवर कोण उभं आहे ते मला दिसेना आणि बाहेरून जाणाऱ्या पोलिसाला मी दिसेना. दार उघडून आत आलेला माणूस आणि मी यांच्यामध्ये आठ-दहा फूट. तिथे पिस्तूल कुठलंही असलं तरी हिशेब तोच लागतो जो त्या मार्करनं माझ्या शर्टावर मांडला होता.

रात्री उघड्या असणाऱ्या दुकानांसाठी अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्यानं 1998 मध्ये शिफारशी काढल्या आहेत, त्या बहुतेक याच जातीच्या आहेत: काचा मोकळ्या ठेवा, उजेड ठेवा, गल्ल्यात थोडी रोकड आणि बाकीची खाच असलेल्या तिजोरीत, तसं लिहून दारावर लावा. आम्ही पोस्टर उतरवले. मालक आधी कुरकुरला, कारण त्या जाहिरातींचे पैसे मिळतात. खालच्या पट्टीत दोन ठेवून समेट झाला. शीतपेटीच्या कोपऱ्यावर गोल आरसा लावला. दाराच्या चौकटीला उंचीच्या खुणांची पट्टी चिकटवली, म्हणजे पळणाऱ्याची उंची सांगता येते. मी भाच्याकडून एक गोष्ट वदवून घेतली, की कोणी पैसे मागितले तर गल्ला उघडून द्यायचा, एकही शब्द न बोलता. त्यानं पिस्तूलही घेतलंय आणि त्याला मी नको म्हटलेलं नाही. टेबलाच्या फेरीवाला तो वर्ग आता तोही करतोय.

मागचं दार अजून राहिलंय. काउंटरमागून निघायची दुसरी वाट तीच, आणि तिच्यासमोर पाण्याच्या बाटल्यांचे खोके छातीएवढे रचलेले असतात, कारण गोदामात जागा नाही. शनिवारी आम्ही दोघं फळ्या ठोकायला जाणार आहोत, म्हणजे खोके भिंतीवर चढतील आणि दार एका धक्क्यात उघडेल.